तळाशी उघडणारं दार

"कसं काय सर?" असं विचारलं की आमचे सर उत्तर देण्याआधी डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवायचे आणि डोळे मिटायचे. विचारणारा बिचारा तोवर समोर ताटकळत उभा. मग डोळे उघडून शांतपणे म्हणायचे, "चाललंय." ही चेष्टा नसायची. त्यांना खरंच आधी बघून मग सांगायचं असे.

मेडिकल कॉलेजात ते आम्हाला शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. शरीर म्हटलं तर मोठं, पण सरांचा जीव अडकला होता हृदयाच्या एका कोपऱ्यात, उजव्या कप्प्याच्या वरच्या अंगाला, जिथं ठोका जन्माला येतो. पोट, मूत्रपिंडं, मेंदू हे सगळं ते परीक्षेपुरतं उरकून टाकायचे आणि पुन्हा त्या कोपऱ्यात येऊन बसायचे. गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा तोच कोपरा अधू होता. नाडी मुळातच मंद, आणि वय झालं तशी ती आणखी मंदावत गेली. मधेच एखादा ठोका गळायचा. निवृत्तीनंतर तर चालता चालता त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. बॅटरीचं यंत्र बसवून घ्या, नाहीतर एक दिवस असेच जाल, असं आम्ही सगळ्यांनी परोपरीनं सांगितलं. सर नाही म्हणाले. त्या 'नाही'पुढं आम्ही हात टेकले होते.

त्या 'नाही'चं पुढं काय झालं तेच सांगायला बसले आहे, पण सरांबद्दल सरळ रेषेत सांगता येत नाही. ते स्वतःच सरळ रेषेत कुठं जायचे नाहीत. घरून कॉलेजला येतानासुद्धा शहराच्या एखाद्या जुन्या दरवाजाला वळसा घालून यायचे.

आमच्या शहरात दरवाजे उदंड. त्यांच्याखालून आम्ही रोज जायचो, पण मान वर करून बघायचो नाही. सरांनी बघायला लावलं. थंडीच्या दिवसांत एकदा त्यांनी आमची अख्खी तुकडी सकाळी सकाळी एका दरवाजापाशी बोलावली. धुकं इतकं होतं की कमानीचा वरचा भाग नव्हताच, नुसते दोन खांब उभे होते. सरांनी निम्म्यांना आत उभं केलं, निम्म्यांना बाहेर. बाहेरचे सोडियम, आतले पोटॅशियम. मी पोटॅशियम होते, शालीत गुरफटलेली. सर मधोमध उभे राहून हात वर करत, की आम्ही आतबाहेर करायचं. पडेगावहून सायकलवर दुधाचे कॅन घेऊन येणारा एक दूधवाला ब्रेक लावून थांबला.

"काय चाललंय सायब? मोर्चा हाय का?"

"नाही," सर म्हणाले, "हृदय चाललंय."

"बरं बरं, चालू द्या," म्हणत तो आमच्यामधून घंटी वाजवत आत गेला.

त्या धुक्यात सरांनी जे सांगितलं ते मी नंतर कितीतरी पुस्तकांत वाचलं, पण ऐकू मात्र त्यांच्याच आवाजात येतं. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या कातडीत प्रथिनांची बारीक बारीक दारं असतात. त्यांतून क्षार आतबाहेर करतात, आणि त्यांच्या येण्याजाण्यातून वीज तयार होते. बहुतेक पेशी एक ठोका झाला की पडून राहतात. कुणीतरी येऊन उठवेपर्यंत त्या उठत नाहीत. पण त्या कोपऱ्यातल्या पेशींना पडून राहणं माहीत नाही. त्यांच्याकडं एक उलट्या डोक्याचं दार असतं. ठोक्याची बाकीची दारं वीज चढली की उघडतात, आणि हे उघडतं वीज उतरल्यावर. पेशी खाली जाते, आणखी खाली जाते, आणि अगदी तळाला टेकली की हे दार हळूच किलकिलं होतं. सोडियम आत झिरपतो आणि पेशी आपली आपण वर चढू लागते. ती पुरेशी वर आली की पुढची दारं धडाधड उघडतात, आणि ठोका पडतो.

"कुणी हाक मारली नाही, कुणी दार वाजवलं नाही," सर म्हणायचे. "तळाला गेली, म्हणून उघडलं."

ज्यांनी ही वीज शोधली त्यांनाही ती इतकी तऱ्हेवाईक वाटली की त्यांनी तिला गमतीशीर प्रवाह असंच नाव देऊन टाकलं होतं. परदेशी नियतकालिकं तेव्हा टपालानं यायची, तीही महिनोन्‌महिने उशिरा. सर ती कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्याच फोडून वाचायचे. दाराचं प्रथिन तोवर कुणी पाहिलं नव्हतं, फक्त त्यातून जाणारी वीज मोजली होती. वर्गात कुणीतरी शंका काढली की न पाहिलेल्या दारावर विश्वास कसा ठेवायचा. सर म्हणाले, "उंबरा ओला आहे ना? मग दार आहे." आज त्या दाराची रचना सगळ्यांना ठाऊक आहे, चार तुकडे एकत्र जुळून ते बनतं म्हणे. मला मात्र दार म्हटलं की अजून ती धुक्यातली कमान दिसते. दुपारी खुर्चीत डोळा लागता लागता पुष्कळदा मी तिच्यात उभी असते, शालीत, आणि सरांचा हात वर जायची वाट बघत असते.

ते दिवसच तसे होते. चिकलठाण्याला कारखाने उभे राहत होते, वाळूजकडं माळरानं सपाट होत होती. पहाटे भोंगा वाजला की कंपन्यांच्या बसगाड्या माणसं गोळा करत फिरायच्या. भोंगा ऐकला की सर हमखास म्हणायचे, "बघा, ह्यांना भोंगा लागतो." आणि शर्टाच्या खिशावर बोट टेकवायचे. त्यांच्या मते शहरात बिनभोंग्याचा कारखाना तेवढा एकच होता.

माणसांची नावं त्यांच्या डोक्यात राहायची नाहीत, गावं राहायची. मी करमाडची, म्हणून मी 'करमाड'. माझे वडील मेंढरं राखायचे. शेंद्र्याच्या माळावर आमचा कळप असायचा. आता तिथंही कारखाने झालेत. सर एकदा स्कूटरवरून थेट त्या माळावर हजर झाले आणि म्हणाले, एका मेंढीची छाती ऐकायची आहे. नळी कानाला लावून ते मेंढीला बिलगून गवतात आडवेच झाले आणि वाऱ्यावर तिथंच झोपून गेले. मेंढी बिचारी हलली नाही. संध्याकाळी उठले तेव्हा अंगभर गोचीड. ते वेचत वेचत त्यांनी माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि धुरळा उडवत निघून गेले. वडील बराच वेळ त्या धुरळ्याकडं बघत होते.

"तुजा मास्तर येडा हाय," ते म्हणाले. "पर चांगला येडा हाय. त्याला जप."

आमच्या वर्गात बोरटाकळी नावाच्या गावची दोन मुलं होती, गौतम आणि विश्वास. सरांनी "बोरटाकळी" म्हटलं की दोघंही एकदम उभे राहायचे, आणि सर म्हणायचे, "कुणीही चालेल." विश्वास जमीनजुमल्याच्या घरातला, गौतम गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. एकाच शाळेत शिकलेले, हॉस्टेलवर एकाच खोलीत राहायचे. मग विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुन्हा पेटला. गौतमच्या वस्तीला त्याआधीच एकदा आग लागली होती, म्हणजे लावली होती. तेव्हा तो शाळेत होता. विश्वासचे चुलते गावात नामांतराच्या विरोधात सगळ्यांच्या पुढं. खोली सुटली. प्रयोगशाळेतली बाकंसुद्धा दोन अंगांना वाटली गेली.

सर कुठल्या बाजूचे, अशी कुजबुज चालायची. सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं सांगून टाकलं. नाव द्यायलाच हवं, आणि इतक्या शिकलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला द्यायला एवढी भांडाभांडी का लागते हेच आपल्याला कळत नाही, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्कूटरच्या सीटला डांबर फासलेलं होतं. सर पुढं वर्षभर त्यावर वर्तमानपत्र टाकून बसायचे आणि उतरले की पाठीमागं अर्धा मथळा चिकटलेला असायचा.

पण गौतमनं त्यांना सोडलं नाही. एकदा भर वर्गात उभा राहून म्हणाला, "सर, तळाला गेलं की दार उघडतं म्हणता. आमच्या वस्तीचा तळ आजून किती खाली हाय मग?"

सरांची बोटं मनगटाकडं गेली आणि अर्ध्यातच थांबली.

"मला पेशीचं ठाऊक आहे," ते म्हणाले. "माणसांचं नाही. ठाऊक असतं तर तुला सांगितलं असतं." खडू ठेवला आणि त्या दिवशी पुढं शिकवलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि गौतमचाही.

आता बेडकाचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं. बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या द्रावात ठेवलं तरी चालू राहतं. काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम फिरायचा आणि त्यावर ते हृदय आपले ठोके स्वतःच रेघून दाखवायचं. काजळी धरायचं काम रशीदचाचांचं. दिव्याच्या धुरावर कागद असा फिरवायचे की कुठं पांढरा ठिपका राहायचा नाही. प्रयोग संपला की इतर तुकड्या बशी मोरीत उपडी करून कँटीनला पळायच्या. आमच्याकडं तसं नव्हतं. सरांचा नियम होता. "त्यानं तुमच्यासाठी काम केलंय. ते थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही." प्रयोगभर चाललेलं द्रावाचे थेंब टाकणं तेवढं बंद व्हायचं. मदत करायची नाही, घाई करायची नाही, नुसती सोबत करायची. आम्ही बशीभोवती गोल उभे राहायचो. ठोके लांब लांब होत जायचे, मग एक शेवटचा यायचा, आणि तो शेवटचा होता हे नंतर कळायचं. रशीदचाचा दारातून कुरकुरायचे, "साब, बच्चे भूके हैं. मेंडक को बोलो जल्दी करो."

त्या सकाळी शहरात दोन मोर्चे निघायचे होते, एक नामांतर हवं म्हणणाऱ्यांचा, एक नको म्हणणाऱ्यांचा, आणि दोघांची वाट एकाच चौकातून होती. गौतम एकात जाणार होता, विश्वास दुसऱ्यात. प्रयोग झाला की निघायचं असं दोघांनी आपापल्या दोस्तांना सांगून ठेवलं होतं. प्रयोग लवकर संपला. सरांनी हात वर केला. आम्ही बशीभोवती उभे राहिलो, एका बाजूला ते, एका बाजूला हे.

बाहेरून घोषणा ऐकू यायला लागल्या, आधी दुरून, मग रस्त्यावरून. हृदय चालू होतं. गौतमनं बाह्या दुमडल्या. "सर, जातो."

"थांबलंय का?"

"नाय."

"मग?"

विश्वास दाराकडं बघत होता. सर बशीवर वाकले होते, नीट बघायचं असल्यासारखे. मी त्यांच्या अगदी शेजारी उभी होते, म्हणून मला दिसलं. त्यांच्या उजव्या मुठीत ड्रॉपर होता. रशीदचाचांच्या काजळीच्या दिव्यावर द्रावाचं एक काचेचं भांडं ठेवलेलं होतं, सर येरझाऱ्या घालायच्या निमित्तानं तिकडं जात, परत येत, वाकत, आणि मुठीतून एक कोमट थेंब बशीत पडे. मंदावत आलेलं हृदय पुन्हा अंग झटकून चालू लागे. ज्या माणसानं नियम घालून दिला तोच डोळ्यांदेखत तो मोडत होता. बोलले तर दोघं निघणार, म्हणून मी श्वास धरून उभी राहिले. मला वाटलं, हे फक्त मला दिसतंय.

"आज का मेंडक बडा जिद्दी है," रशीदचाचा म्हणाले.

मग चौकाच्या बाजूनं तो आवाज आला. एकदम पुष्कळ पाय पळाल्याचा, दुकानांची शटर ओढल्याचा, काचांचा. आतमध्ये कुणीच कुणाकडं बघितलं नाही. सगळे त्या बशीकडं बघत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. मला आठवतो तो उजेड. खिडकीच्या धुरकट काचेतून आलेला पिवळसर उजेड, त्यात ते चिमुकलं तांबूस हृदय, आणि भोवती आमची सगळ्यांची डोकी, एकमेकांच्या इतकी जवळ की गौतमचा श्वास विश्वासच्या बाहीला लागत असेल. बाहेर शांत झालं. सरांनी ड्रॉपर खिशात टाकला. हृदय हळूहळू थांबलं.

"चला," सर म्हणाले. "जेवून घ्या. मागच्या फाटकानं जा."

चौकात त्या दिवशी डोकी फुटली, हातपाय मोडले. संध्याकाळी हॉस्पिटलात माणसं कमी पडली म्हणून आम्हाला बोलावलं. मी कापूस धरून उभी होते, आणि समोरून गौतम आणि विश्वास एकच स्ट्रेचर दोन टोकांना धरून आले. बोलत नव्हते. पण पावलं जुळवून चालत होते, कारण स्ट्रेचरला तसं चालावंच लागतं.

पुढं सगळे पांगलो. मी करमाडला दवाखाना थाटला. विश्वास वाळूजला एका कंपनीचा डॉक्टर झाला. गौतम सरकारी दवाखान्यात सर्जन. सर निवृत्त होऊन एका दरवाजाजवळच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. रशीदचाचाही निवृत्त झाले होते, पण रोज त्यांच्याकडं डबा घेऊन जायचे. एक दिवस त्यांचा फोन आला. "बेटी, साब जिने पे गिर गये. नाड बहुत धीमी है. मेरी तो सुनतेच नै."

मी गेले. कपाळाला पट्टी बांधून सर खिडकीत बसले होते. मनगट मी धरलं. दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा होती की मला वाटलं, गेले. मी विनवलं, रागावले, शेवटी रडले. पुण्याला नेते म्हटलं, सोपं ऑपरेशन आहे म्हटलं.

"बेडकाला आपण शेवटी बॅटरी लावली का?" सर म्हणाले. "सोबत केली. आयुष्यभर ज्या दाराची टेहळणी केली, ते माझ्यात शेवटचं उघडेल तेव्हा मला जागं राहायचंय, करमाड. तू असलीस तर बरं, नसलीस तरी चालेल."

वडिलांनी जप म्हणून सांगितलेला माणूस माझ्या हातातून चालला होता. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसले.

मग त्याच हिवाळ्यात विद्यापीठाला ते नाव मिळालं. कमानीपाशी माणसांचा पूर लोटला होता, म्हातारी माणसं पायरीवर डोकं टेकत होती. मी गौतमला आणि विश्वासला सरांच्या खोलीवर यायचा निरोप धाडला होता. विश्वास स्वतःची गाडी घेऊन आला. गौतम थेट कमानीपासून चालत आला, कपाळाला निळा गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं खाटेवर टेकून बसलेल्या सरांच्या हातावर पेढा ठेवला.

"उघडलं?" सरांनी विचारलं.

"उघडलं, सर," गौतम म्हणाला. "लई उशिरा." त्यानं पुडा विश्वासपुढं धरला. विश्वासनं पेढा घेतला, तोंडात टाकला आणि नजर खाली घालून चावत राहिला.

थोड्या वेळानं सर म्हणाले, "निघा आता. पेशंट खोळंबले असतील."

विश्वासनं खुर्ची पुढं ओढली आणि बसला. "नियम हाय, सर. थांबेपर्यंत कुणी हलायचं नाय."

सरांना ते आवडलं. हसले. "बसा मग. फार वेळ लागणार नाही."

मला ते हसणं सहन झालं नाही. पण गौतम त्यांच्याकडं रोखून बघत होता.

"त्या दिवशी तुमी थेंब टाकत होता," तो म्हणाला.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात?" विश्वास म्हणाला. "समद्यांनीच बघितलं की."

"सब को मालूम था साब," दारातून रशीदचाचा म्हणाले. "पानी तो मैंच गरम करा था."

इतकी वर्षं प्रत्येकजण आपल्यालाच दिसलं असं समजून गप्प होता. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मग थांबलात कशाला?" त्यांनी विचारलं, अगदी हळू.

"मोर्चा चुकला म्हणून मी लई दिवस तुमच्यावर डूख धरून होतो," गौतम म्हणाला. "पुढच्या समद्या मोर्चांना गेलो. पर त्या दिवशी पाय निघंना. तुमी येवढे वाकून थेंब टाकत होता, आन ते बिचारं चालत होतं. कसं जायचं?" तो थांबला. "बेडकाला नुसती सोबत केली म्हणता. नुसती नव्हती केली, सर. आता आमची पाळी. थेंब टाकू द्या."

सरांची बोटं मनगटावर गेली, डोळे मिटले. खोलीत कुणी हलत नव्हतं. मध्ये ती मोठी जागा आली असणार, कारण त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तशाच राहिल्या, इतका वेळ की मी अर्धी उठले. मग भुवया खाली आल्या.

"चाललंय," ते म्हणाले. उशाखालचा चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि पायानं चपला शोधू लागले.

"खाली गाडी कुणाची आहे, बोरटाकळी?"

दोघंही एकदम उभे राहिले.